'नॅचरल' नावाची शेड

आमच्या लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर आरसा एकच. वॉश बेसिनच्या वर लावलेला, उजवा कोपरा उडालेला. त्याच्या डोक्यावर एक ट्यूबलाइट, ती पेटण्याआधी चारदा विचार करते. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी सहा वाजता त्या एका आरशासमोर आम्ही अकरा जणी असतो. कुणी दात घासतंय, कुणी वेणी घालतंय, कुणी "अगं सरक ना, मला माझा एकच डोळा दिसतोय" म्हणून ओरडतंय, आणि मागे भिंतीला टेकून एक बाई डोळे मिटून हीट एक्स्चेंजरचे फॉर्म्युले पुटपुटतायत. त्या बाई म्हणजे मी.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर एक कागद लागतो, तो तुम्ही सगळ्यांनीच वाचलाय. मुलांनी दाढी करावी, शर्ट इस्त्रीचा असावा, बूट पॉलिश केलेले असावेत. मुलींनी केस बांधावेत, नखं कापावीत, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ : 'हलका, नैसर्गिक दिसेल असा मेकअप करावा.'

आता मला सांगा, नैसर्गिक असेल तर मेकअप कशाला? आणि मेकअप केला तर तो नैसर्गिक कसा? व्हायवाला मी असं उत्तर दिलं असतं तर सरांनी माझं जर्नल खिडकीतून बाहेर टाकलं असतं. पण नोटीस बोर्डाला कोण क्रॉस क्वेश्चन विचारणार?

तर या एका ओळीबद्दल मला बोलायचंय. सुरुवातीलाच एक खुलासा करते, नाहीतर अर्धे लोक पान उलटतील. हा लेख मेकअपच्या विरोधात नाही. मला मेकअप आवडतो. सबमिशनच्या आठवड्यात तीन रात्री जागून काढल्यावर डोळ्यांखाली जे काळं साम्राज्य पसरतं, ते सात मिनिटांत झाकता येतं याचा मला आनंदच होतो. काजळाची एक बारीक रेघ ओढली की मी जागी आहे असं निदान दुसऱ्यांना तरी वाटतं. त्यामुळे 'साधी राहणी, उच्च विचारसरणी' या विषयावरचा निबंध इथे मिळणार नाही. माझं भांडण आहे ते 'नॅचरल' या शब्दाशी. आणि या भांडणाला एक डबी कारण आहे.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावची. आमच्याकडे मेकअप म्हणजे आईची टाल्कम पावडर, टिकली आणि सणाला काजळ. थर्ड इयरला समर ट्रेनिंगसाठी एक कंपनी आली. शॉर्टलिस्टमध्ये माझं नाव लागलं आणि पाठोपाठ तो कागदही लागला. मग मी आणि माझी रूममेट एसटी स्टँडासमोरच्या एका जनरल स्टोअर्समध्ये कॉम्पॅक्ट घ्यायला गेलो. काउंटरवरच्या काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, ड्रॉवर उघडला आणि तीन डब्या पुढे ठेवल्या. तिन्ही माझ्या रंगापेक्षा उजळ. मी विचारलं, "काका, याच्यापेक्षा थोडी गडद नाही का?"

काका म्हणाले, "गडद कोण घेतंय पोरी? ही ने. हीच चालते सगळ्यांना."

डबी उलटी करून बघितलं. मागे शेडचं नाव होतं : नॅचरल.

मला बरं वाटलं. कागदावर नैसर्गिक हवं होतं, डबीवर नॅचरल लिहिलेलं होतं. यापेक्षा स्पष्ट स्पेसिफिकेशन ते काय असतं!

दुसऱ्या दिवशी त्या चार विचारांच्या ट्यूबलाइटखाली मी ते लावलं. छान दिसलं की! चेहरा एकसारखा, गुळगुळीत, जरासा उजळ. खाली मेसमध्ये गेले तर मावशींनी पोह्यांचा झारा हातात धरूनच विचारलं, "काय गं, रात्री जेवली न्हाईस का? तोंड पांढरं पडलंय." पुढे पोर्चमध्ये उन्हात आल्यावर रूममेटने माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाली. ती गप्प होणारी मुलगी नाही. मी मोबाईलचा कॅमेरा उघडला. चेहरा राखाडी आणि मान माझी स्वतःची. मधे हनुवटीखाली सरळ सीमारेषा, महाराष्ट्र-कर्नाटक!

धुवायला वेळ नव्हता. मी ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळली आणि आत गेले. पॅनेलवरच्या एका सरांनी अगदी आपुलकीने विचारलं, "तब्येत ठीक आहे ना? पाणी घेणार?" नंतर प्रश्न आला तो मला झोपेतही येणारा. काउंटर फ्लो एक्स्चेंजरला पॅरलल फ्लोपेक्षा कमी एरिया का लागतो? तीच चार टेंपरेचर्स घेतली तर काउंटर फ्लोमध्ये एलएमटीडी जास्त येतो, म्हणून तेवढ्याच ड्यूटीला एरिया कमी लागतो. इतकंच. पण मला ते सांगता येईना. कारण सांगायचं तर मान वर करून सांगायला हवं आणि मान वर केली की ती रेघ दिसणार! वीस मिनिटं मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाशी बोलत होते.

माझं सिलेक्शन झालं नाही. पावडरमुळे झालं नाही असं मी म्हणणार नाही. पुढच्या एका प्रश्नाला मी सपशेल चुकीचं उत्तर दिलं होतं आणि ज्याचं झालं तो मुलगा हुशार आहे. पण त्या वीस मिनिटांत माझं अर्धं डोकं हीट एक्स्चेंजरमध्ये होतं आणि अर्धं हनुवटीखाली. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाचं पूर्ण डोकं हीट एक्स्चेंजरमध्ये होतं. त्याने सकाळी फक्त दाढी केली होती. माझी तक्रार एवढीच आहे.

रडून वगैरे झाल्यावर माझ्यातली केमिकल इंजिनीअर जागी झाली. असं झालं का? डबीवरचे घटक वाचले. फाउंडेशन आणि कॉम्पॅक्टचा रंग येतो मुख्यतः चार गोष्टींतून. पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड आणि तीन आयर्न ऑक्साइड : लाल, पिवळा, काळा. पाकिटावर ते सीआय ७७८९१ आणि सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ अशा आकड्यांनी लिहिलेले असतात. जगातल्या बहुतेक सगळ्या माणसांच्या कातडीचे रंग या चौघांच्या वेगवेगळ्या प्रमाणांतून बनवता येतात. पृथ्वीवरची एवढी भांडणं ज्यावरून झाली तो विषय चार पिगमेंटच्या रेशोमध्ये बसतो, हे वाचून मला हसूच आलं.

यातला टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. त्याच्या रुटाइल प्रकाराचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स २.७ च्या आसपास. पावडरमधल्या टाल्कचा साधारण १.५७ आणि चेहऱ्यावरच्या तेलाचाही जवळपास दीडच. त्यामुळे टाल्क तेलात मिसळून पारदर्शक होतो, पण टायटॅनियम डायऑक्साइड प्रकाश चहूकडे फेकतच राहतो. उजळ शेडमध्ये हा पांढरा जास्त आणि लाल-पिवळा कमी. सावळ्या कातडीवर तो पसरला की खालचा रंग पांढऱ्या धुक्यातून दिसतो आणि चेहरा राखाडी होतो. शाळेत फळा पुसल्यावर उरतो ना, तसा. म्हणजे दोष माझ्या चेहऱ्याचा नव्हता, रेशोचा होता.

मग ट्यूबलाइटखाली का दिसलं नाही? कारण दोन रंग एका प्रकाशात सारखे दिसले तरी दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. कापड दुकानातून बाहेर रस्त्यावर साडी नेऊन बघणाऱ्या आपल्या आज्यांना हे टेक्स्टाइल डिपार्टमेंटच्या आधीपासून माहीत आहे. आपल्या हॉस्टेलच्या आरशाजवळ खिडकी नाही. तिथे रंग जुळवणं म्हणजे कॅलिब्रेशन न केलेल्या गेजवर रीडिंग घेणं.

इथपर्यंत सगळं शास्त्र झालं. पण एक प्रश्न शास्त्राने सुटला नाही. त्या डबीला 'नॅचरल' हे नाव का दिलं? कुणाच्या दृष्टीने नॅचरल? माझ्या वर्गात पासष्ट जण आहेत. मी एका कंटाळवाण्या लेक्चरला सगळ्यांकडे नीट बघितलं (सर, माफ करा). त्या शेडचे चार-पाच जण निघाले. बाकी साठ जण काय अनैसर्गिक आहेत?

दुकानदार काकांना दोष देऊन उपयोग नाही. ते खपतं तेच ठेवतात. आपल्या घरातला लग्नाचा बायोडेटा काढून बघा. 'वर्ण' नावाचा कॉलम असतोच. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ हे शब्द येतात. सावळी मुलगी बायोडेटात गव्हाळ होते, गव्हाळ मुलगी निमगोरी होते, एकेक पायरी प्रमोशन! पंढरपूरला जाऊन ज्याच्या पायावर डोकं ठेवतो तो सावळा म्हणून कोण कौतुक, आणि घरी आल्यावर 'मुलगी तशी नाकी-डोळी नीटस आहे, फक्त रंग जरा...' हे 'जरा' म्हणून पुढे जी टिंबं येतात ना, त्या टिंबांवर केवढा मोठा धंदा उभा आहे! फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली. मुलं मागे राहू नयेत म्हणून २००५ मध्ये फेअर अँड हँडसम आली. २०१४ मध्ये जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने सांगितलं, की सावळी माणसं दुःखी किंवा कमी लायकीची आहेत असं जाहिरातीत दाखवू नका. म्हणजे तोवर सर्रास दाखवत होते. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीचं नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं. नाव बदललं, पण बायोडेटातला कॉलम आहे तिथेच आहे.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मागच्या वर्षी आमच्याच मजल्यावर जे झालं त्यानंतर मला हसता येत नाही. एक ज्युनिअर मुलगी, नाव सांगत नाही, चुलत बहिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून एक ट्यूब आणून रोज रात्री चेहऱ्याला लावायची. महिन्याभरात रंग उजळला. सगळ्या जणी विचारायला लागल्या, "काय लावतेस गं?" मग चेहऱ्यावर लाली आली, बारीक पुरळ आलं, उन्हात गेलं की आग व्हायला लागली. ट्यूब बंद केली की त्रास दुप्पट, म्हणून परत चालू. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड होतं. खरं तर २०१८ पासून अशी स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही. हिला कुणीच काही विचारलं नव्हतं. ती बरी व्हायला सहा महिने गेले आणि त्यातली एक परीक्षाही गेली.

याहून वाईटही होतं. २०२३ साली वर्तमानपत्रांत बातमी आली होती, ती काहींना आठवत असेल. अकोल्यातल्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींना किडनीचा आजार झाला. तिघी गोरं करणारं एक क्रीम वापरत होत्या. मुंबईत तपासल्यावर त्या क्रीममध्ये पारा सापडला, तोही भरपूर. पारा कातडीत मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतो म्हणून रंग उजळतो, आणि मग शरीरात शिरून किडनीवर बसतो. आपल्याकडच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलाच तर तो एक पीपीएमच्या आत हवा. पण लेबल नसलेल्या डबीला पीपीएम कोण विचारणार? म्हणून सगळ्या ज्युनिअर्सना हात जोडून सांगते : ज्या डबीवर घटक, बॅच नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता नाही ती चेहऱ्याला लावू नका. मग ती पार्लरवाल्या ताईंनी दिलेली असो की सख्ख्या मावशीने.

आता माझं म्हणणं सांगते. मेकअपने चेहरा झाकला म्हणून तो खोटा होत नाही. मेकअप करून आपण दुसऱ्या कुणाच्या तरी रंगाचं व्हायला निघालो की तो खोटा होतो. आणि 'नॅचरल लूक' या शब्दाला काही अर्थ असेल तर तो एकच : माझा रंग, माझाच, फक्त नीट झोप झालेला. बाकी सगळं रंगकाम.

ते कसं करायचं हे मी दीड वर्ष चुका करून शिकले. लेख वाचून कुणी डबी घ्यायला जाणारच असेल तर माझे पैसे तरी वसूल होऊ देत, म्हणून थोडक्यात सांगते.

सगळ्यात आधी रंग जुळवायचा. मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला. तिथे एक पट्टा ओढायचा, दुकानातून बाहेर उजेडात यायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कारण वाळल्यावर आणि चेहऱ्याचं तेल मिसळल्यावर रंग थोडा गडद होतो. तेवढ्यात समोरच्या टपरीवर चहा होतो. जो पट्टा शोधूनही सापडत नाही, ती आपली शेड. मधलीच शेड लागत असेल तर दोन लहान पॅक घेऊन मिसळायचे. हल्ली गडद शेड्स मिळतात. २०१७ मध्ये परदेशात फेंटी ब्युटीने एकदम चाळीस शेड्स काढल्या आणि बाकीच्यांना लाज वाटली म्हणा किंवा धंदा दिसला म्हणा, यादी लांबायला लागली. स्टँडासमोर मिळत नसेल तर ऑनलाइन मागवा, पण आधी कुठेतरी उजेडात लावून बघा.

रोजचं काम सात मिनिटांचं. आपल्या बोअरच्या जड पाण्याने चेहरा ताणतो, म्हणून धुतल्यावर ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचा. मग सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा त्यापुढचं, दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहऱ्याला आणि मानेला. हे मुलांनीही लावायचं आहे. सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल तुम्हालाही आहे आणि ऊन स्त्री-पुरुष भेद करत नाही. सनस्क्रीनने पांढरं दिसत असेल तर कारण वरच्या पिगमेंटच्या परिच्छेदात सापडेल. रंग घातलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घ्या. त्यात आयर्न ऑक्साइड असतात, राखाडीपणा जातो.

फाउंडेशन किंवा कन्सीलर मुगाच्या दाण्याएवढं. भिंतीला लावतो तसं सगळीकडे नाही, फक्त डोळ्यांखाली, नाकाच्या कडेला आणि पिंपल असेल तिथे. अनामिकेने थोपटायचं, चोळायचं नाही. बाकीची कातडी उघडी राहू द्यायची. नॅचरल दिसण्याचं अर्धं रहस्य हेच, की जिथे गरज नाही तिथे काहीही नाही. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटी. काजळ वरच्या पापणीच्या मुळाशी बारीक. खालचं काजळ दुपारपर्यंत गालावर उतरतं आणि मग सगळे विचारतात काय झालं, कुणी काही बोललं का? भुवया विंचरायला नवा, स्वच्छ टूथब्रश चालतो. लिपस्टिक बोटाने टेकवून ओठांना, तेच बोट हसून गालांना. सावळ्या रंगावर बाळगुलाबी लावलं की पुन्हा तोच खडूचा प्रकार होतो. त्यापेक्षा वीटकरी, मरून, जांभळाच्या सालीचा रंग लावून बघा, चेहरा उजळेल. उजळेल म्हणजे गोरा होईल असं नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या. रात्री काढून झोपायचं, कितीही कंटाळा आला तरी. आणि काजळ-मस्कारा एकमेकींचा वापरायचा नाही. मैत्री आपल्या जागी, पण एकीचे डोळे आले की अख्ख्या विंगचे येतात.

झालं. हे सगळं मी लिहिलं ते वाचायलाच तुम्हाला तीन-चार मिनिटं लागली असतील. रोज करायला सात. शिवाय शिकायचा वेळ, पैसे आणि चुकीच्या डब्या. आता मुद्द्यावर येते. कागदावर ही एक ओळ लिहिणाऱ्याला असं वाटत असतं की तो काहीच जास्तीचं मागत नाहीये, 'नैसर्गिक' तर म्हटलंय! पण हे काम आहे. ते मुलींकडून मागितलं जातं आणि वर अट अशी की केलंय हे दिसता कामा नये. न केलं तर 'प्रेझेंटेबल नाही', दिसलं तर 'नटवी'. ज्या कॉरिडॉरमध्ये तो कागद लागतो, त्याच कॉरिडॉरमध्ये "शिकायला आलात की नटायला?" हेही मी ऐकलंय. दोन्ही वाक्यं बोलणारी माणसं वाईट नाहीत. त्यांनी फक्त ती शेजारी शेजारी ठेवून वाचलेली नाहीत.

मुलांमध्येही एक लाडकं मत आहे, की मेकअप म्हणजे फसवणूक. असेल. मग बेल्टने आत ओढलेलं पोट, जेल लावून उभे केलेले केस आणि बायोडेटातली 'हॉबी : रीडिंग' याला काय म्हणायचं? आमच्या वर्गातल्या एका मर्द मराठ्याने इंटरव्ह्यूच्या आधी मला कोपऱ्यात बोलावून विचारलं होतं, "तुझ्याकडे ते पिंपल लपवायचं असतं ना? कुणाला सांगू नकोस." मी दिलं. त्याची शेड माझीच निघाली. छान दिसला. सांगितलंही नाही कुणाला. आता या लेखात आलं, पण त्यात नाव कुठेय?

उलट बाजूही मी मान्य करते. काही मैत्रिणी म्हणतात, हे सगळंच सोडून दे, चेहरा धू आणि चल. त्यांचं म्हणणं मला पटतं आणि ज्या तशा जातात त्यांचा मला हेवा वाटतो. पण माझ्यासारख्या मुलीला, जी लहानपणापासून ते टिंबांचं 'जरा...' ऐकत आलीय, तिला स्वतःच्या रंगाची डबी हातात धरणं ही छोटी गोष्ट नाही. तो रंग कुणीतरी मोजून, तयार करून, पॅक करून विकायला ठेवलाय, म्हणजे तो अस्तित्वात आहे! ज्यांना हे कळणार नाही त्यांचं अभिनंदन. तुमचा रंग दुकानात पहिल्यापासून होता.

म्हणून ट्रेनिंग अँड प्लेसमेंटला माझी विनंती आहे. ती ओळ काढून टाका. मुला-मुलींसाठी एकच यादी करा : अंघोळ, नखं, इस्त्री, बूट, वेळेवर हजर. ज्याला-जिला त्यावर आणखी काही लावायचंय ते लावतील, ज्यांना नाही ते नाही. आणि रेक्टर मॅडमना विनंती : प्रत्येक मजल्यावर खिडकीजवळ एक मोठा आरसा लावा. बेसिनवर नको, खिडकीजवळ. दिवसाच्या उजेडाला बिल येत नाही. त्या आरशाचा खर्च आमच्या हॉस्टेल डेच्या बजेटमधून केला तरी चालेल, एक वर्ष डीजे कमी वाजेल.

या ऑगस्टमध्ये माझा पुन्हा इंटरव्ह्यू झाला. सकाळी अकरा जणींच्या गर्दीतून हात घालून मी चेहरा धुतला आणि गच्चीवर जाऊन उजेडात सात मिनिटं काम केलं. खाली मेसमध्ये मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पोहे अजून वाढू का?" बस्स! यापेक्षा चांगलं सर्टिफिकेट मला कुठल्याही पार्लरने दिलं नसतं. पॅनेलवर तिघे होते. त्यांनी पंपाच्या कॅव्हिटेशनबद्दल विचारलं. एक उत्तर अर्धवट आलं, बाकीची नीट आली. तब्येतीची चौकशी कुणी केली नाही. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की पॅनेलवरच्या मॅडमच्या चष्म्याची फ्रेम निळी होती हे मला आठवतंय. मागच्या वेळी मला फक्त पाण्याचा ग्लास आठवत होता.

हे लिहितेय तोवर लिस्ट लागलेली नाही. आरशाचा अर्ज मात्र दिलाय. चौतीस सह्या आहेत. त्यातल्या दोन मेसच्या मावशींच्या.

— अंतिम वर्ष, केमिकल